दुसरबीडच्या पेवातलं शिराज

प्रसेनजित वाईनचा घोट तोंडात घेऊन थुंकून टाकत असे, आणि पंचक्रोशीत त्याचं नाव झालं ते या थुंकण्यापायी. पिणारे दुसरबीडने पुष्कळ पाहिले होते, न पिणारेही पाहिले होते. पण ग्लास उजेडाकडे धरायचा, नाक आत खुपसायचं, घोट गालातल्या गालात खेळवायचा, डोळे मिटायचे, आणि एवढा सगळा थाट झाल्यावर बादलीत टाकून द्यायचं, हा खेळ कोणी पाहिला नव्हता. स्टँडवरच्या चहाच्या टपरीपाशी तो उभा राहिला की कोणीतरी हटकून म्हणे, "थुकू नको बे, च्या आहे तो." तो हसे. उंच, वाळका, खांद्यातून किंचित वाकलेला माणूस. त्याच्या हसण्याला आवाज नसे.

त्याची आई सिंधूताई मात्र हसत नसे. पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना पाचव्या, दारू न पिण्याच्या शीलापाशी आली की तिचा आवाज चढायचा, आणि ती मान वळवून लेकाकडे बघायची. एकदा घरी आल्यावर त्याने समजूत घातली, आई, मी गिळत नाही, आजवर एक थेंब पोटात गेला नाही. सिंधूताईने चुलीपुढून मान वर केली.

"शील पोटानं घेतलं होतं का जिभेनं?"

धाकटा भाऊ धम्मदीप खो-खो हसला. तो बी.एड. करत होता, विहारात भाषणं करायचा, आणि बोलायला उभा राहिला की समोरची मंडळी पंख्याखालची जागा सोडून पुढे सरकायची, असा गळा होता पोराचा. "माय, दादाचं शील गुळणी करून धुतलेलं आहे," तो म्हणाला, आणि सिंधूताईलाही पदराआड हसू आलं.

प्रसेनजित बारावीनंतर नाशिककडे गेला तो टाक्या धुवायला. तिथल्या एका वाईनच्या कारखान्यात रबरी बूट घालून, नळी धरून त्याने उमेदीची वर्षं घालवली. द्राक्षं यायची, चिरडायची, टाकीत पडायची, आणि मग आंबता आंबता त्यांना ताप चढायचा. टाकीला कान लावला तर आत रटरट ऐकू यायची, जणू मोठ्या हंड्यात भात शिजतोय. दर हंगामात फ्रान्सहून एक म्हातारा जाणकार यायचा. नाव त्याचं ल्युसियाँ, पण कामगारांच्या जिभेवर ते बसेना, म्हणून पहिल्याच वर्षी त्याचा लखनसाहेब झाला आणि तोही त्या नावाला ओ देऊ लागला. घोट पारखून थुंकायचं प्रसेनजित त्याच्याकडूनच शिकला. मोडकंतोडकं हिंदी, हातवारे, आणि वेळ पडलीच तर जमिनीवर खडूने चित्र. पण माणूस गोष्टीवेल्हाळ. दुपारच्या सुट्टीत टाक्यांच्या सावलीत बसून तो आपल्या मुलखाचं सांगायचा, आणि प्रसेनजितच्या हातातली भाकरी हातात राहायची.

मुलूख रोन नदीचा. नदी वळण घेते तिथे एक डोंगर उभा आहे, ग्रॅनाइटचा, दक्षिणेकडे तोंड करून दिवसभर ऊन पिणारा. नाव एर्मिताज. म्हणजे साधूची कुटी. आठशे वर्षांमागे एक सरदार लढाईतून जखमी होऊन आला, रक्ताला विटला, राणीकडून त्याने तो डोंगर मागून घेतला आणि तलवार टाकून तिथे एकटा राहिला. द्राक्षं लावली, अशी आख्यायिका. खरं-खोटं कोणी पाहिलं नाही. पण माथ्यावर एक इवलीशी दगडी प्रार्थनाघराची खोली आजही आहे. त्या डोंगरावरच्या काळ्या द्राक्षाचा वेल इराणच्या शिराझ शहरातून आणला अशीही एक कथा होती; पुढे शास्त्रज्ञांनी वेलाचे आईबाप शोधले तेव्हा ते तिथलेच, फ्रान्सचेच निघाले. पण शिराज हे नाव जगभर चिकटलं ते चिकटलं.

डोंगर इतका उभा, की पायऱ्या-पायऱ्यांनी बांध घातलेत आणि पावसात वाहून आलेली माती पुन्हा वर वाहून न्यावी लागते. उत्तरेकडून मिस्त्राल नावाचा वारा सुटतो. तो वेलींना रोगापासून राखतो आणि माणसांना वेड लावतो. तिथली वाईन काळी. तरुणपणी इतकी तुरट आणि दांडगी, की तोंड वाकडं होतं. दहा-पंधरा वर्षं अंधारात पडली की मग तिच्यात मिरी, धूर, चामडं, जांभूळ असं काहीबाही जागं होतं. लखनसाहेब म्हणायचा, ही तरुणपणी शिवी असते आणि म्हातारपणी प्रार्थना. एके काळी बोर्दोचे नामांकित व्यापारी आपल्या फिक्या वाईनमध्ये गुपचूप या डोंगराची वाईन मिसळत. म्हणजे मिशी पाहुण्याची आणि रुबाब नवरदेवाचा.

आणि मग त्या मुलखाचा काळ आला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेहून हौसेने आणलेल्या वेलींबरोबर एक किडा आला, मावा असतो तसा, नखावर दिसेल न दिसेल एवढा. तो मुळं खायचा. वरती पानं हिरवी, घड लटकलेले, मालक खूश, आणि खाली मूळ संपलेलं. मरण आधी मुळाशी येतं, पानाला फार उशिरा कळतं. गावंच्या गावं वाळून गेली. शेवटी इलाज सापडला तो अमेरिकेच्याच रानवेलीत. तिचं मूळ त्या किड्याला पुरून उरतं. खाली तिचा खुंट, वर आपलं कलम.

प्रसेनजितला हे ऐकताना अंगावर काटा यायचा, कारण नाशिक-जालन्याच्या बागांत खालचा खुंट आजही तोच, अमेरिकेचा.

पण एक गोष्ट लखनसाहेबाने हसत सांगितली नाही. ती सांगायची वेळ कारखान्यातच आली. एका दुपारी रिकाम्या झालेल्या टाकीत एक कामगार चोथा काढायला उतरला आणि पडला. त्याचा जिवलग वरून वाकून बघत होता, त्याने विचार केला नाही, उडी टाकली. दोघांना बाहेर काढलं तेव्हा दोघांची तोंडं निळी होती. लखनसाहेब फरशीवर बसून लहान मुलासारखा रडला. मग प्रसेनजितला जवळ बसवून त्याने सांगितलं, की द्राक्षाला ताप चढतो तेव्हा त्यातून एक हवा सुटते. तिला वास नाही, रंग नाही. ती जड असते, पाण्यासारखी तळाशी साचते. आमच्या मुलखात जुन्या तळघरांत माणूस उतरायच्या आधी मेणबत्ती उतरवतात. ज्योत विझली की समजायचं, खाली श्वास नाही. तरी प्रत्येक गावात अशी एक-दोन थडगी आहेत, आणि पुष्कळदा ती जोडीने आहेत.

"पहिला माणूस चुकीनं मरतो," लखनसाहेब म्हणाला, "दुसरा मायेनं."

प्रसेनजितने हे घरी कधी सांगितलं नाही. आईच्या जिवाला घोर नको म्हणून त्या मरणांवर त्याने आपल्या मनातच माती लोटली. त्याच्या आयुष्यातली ही एकच गोष्ट त्याने थुंकायच्या ऐवजी गिळली.

वडील भाऊराव वारले आणि तो गावी परतला, बायको मंजुश्रीला घेऊन. वडिलांची जमीन होती टेकाडाच्या उतारावर, मुरमाड. कापूस तिथे कधी गुडघ्याच्या वर गेला नाही. लोक म्हणायचे, तुह्या बापानं जमीन नाही, दगडं विकत घेतले. प्रसेनजितने तो उतार पाहिला, दक्षिणेकडे तोंड केलेला, आणि त्याच्या डोळ्यांपुढे रोनकाठचा डोंगर उभा राहिला. त्याने शिराज लावलं. वाईनच्या द्राक्षाला लाड सोसत नाहीत, ते हालातच गोड होतं. तिसऱ्या वर्षी वेलींवर काळे, बारके, गच्च घड लागले. गावातली पोरं तोडून खायची आणि बियांनी तोंड तुरट झालं की शिव्या द्यायची.

द्राक्षं आली, ती आंबवायची कुठे? मार्चचं ऊन दुसरबीडला भांडी तापवतं. थंडावा हवा. तो भगवानरावांकडे होता.

भगवानराव शेजारचे मोठे शेतकरी, पासष्टी उलटलेले, हौशी. वाईनचा परवाना त्यांनी आपल्या नावावर काढून घेतला आणि मळ्यातलं जुनं पेव प्रसेनजितला दिलं. पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, दगडाने बांधलेला, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद, रांजण पुरावा तसा. भगवानरावांचं पेव दोन पुरुष खोल होतं. आत पाय टाकला की वरचं ऊन विसरायला व्हायचं. प्रसेनजितने तोंड रुंद करून घेतलं, लोखंडी शिडी लावली, तळाशी झाकणं काढलेले निळे ड्रम मांडले, आतली हवा ओढून बाहेर टाकणारा पंखा आणि पाइप बसवला. परिसरात सगळे वाहवा करू लागले. फक्त पेवाच्या त्या काळ्या तोंडाकडे पाहायची वेळ आली की प्रसेनजित मुद्दाम दुसरीकडे बघायचा.

पहिल्या दिवशी भगवानरावांची बायको रुखमाबाई हळद-कुंकवाचं ताट, दहीभाताचा नैवेद्य आणि निरांजन घेऊन आली. पेवाच्या काठावर कुंकू वाहिलं, निरांजन ओवाळलं. "दिवा दाखवल्याबिगर पेवात उतरू नये," भगवानराव म्हणाले. "आमच्या आज्यापासून रीत आहे."

सिंधूताई बाजूला उभी होती. ती घरी आली. मग बोलली. तिचं माहेर याच गावातलं; तिचा बाप याच पेवात उतरायचा. पाटलाच्या, म्हणजे भगवानरावांच्या घरचं कोणी कधी उतरत नसे. जोंधळा काढायला दरसाल बोलावणं यायचं ते तिच्या बापाला. आधी ताट यायचं, पेवाच्या देवाला दिवा दाखवायचे, आणि मग त्याला म्हणायचे, उतर. ती लहान होती, काठावर बसून बघायची. दोरीला कंदील बांधून खाली सोडायचे, वर ओढायचे, देवाची आरती झाल्यासारखं.

"खड्ड्याच्या देवाले मान पह्यला," ती म्हणाली. "माह्या बापाचा नंबर देवाच्या मागून. मले तो दिवा डोळ्यापुढं नको."

प्रसेनजितच्या अंगावरून वारा गेला. देवासाठी कोण कंदील दोरीने खाली सोडतो आणि वर ओढतो? ती आरती नव्हतीच. कोंडलेला जोंधळाही आतली हवा मारतो. कोण्या पिढीत कोणी शहाण्या माणसाने श्वास तपासायला लावलेली ती रीत होती. पुढे तिच्यावर हळदीकुंकवाचे थर चढले आणि आतला अर्थ गुदमरून गेला. तिच्या बापाला त्या दिव्यानेच राखलं असणार. हे सांगावं असं त्याच्या ओठांवर आलं. पण ते सांगायचं तर नाशिकचे दोघे सांगावे लागले असते, आणि मग आईने त्याला पेवाच्या आसपास फिरकू दिलं नसतं. तेवढ्यात मंजुश्रीने ताटं वाढली. तो जेवायला बसला, आणि ते सांगायचं राहून गेलं.

हंगाम सुरू झाला. द्राक्षं चिरडून ड्रमांत पडली, तिसऱ्या दिवशी ताप चढला. सालं फुगून वर येत, जाड काळी साय धरावी तशी, आणि सकाळ-संध्याकाळ लाकडी दांड्याने ती खाली दाबावी लागत. पेवाच्या तोंडाशी आंबूस, गोड वास घुटमळू लागला. मळ्यातल्या मधमाश्या त्या तोंडावर गोळा होत आणि जरा खाली गेलेल्या परत वर येत नसत. प्रसेनजित पहिल्यांदा पंखा लावी, मग मेणबत्ती बादलीत ठेवून दोरीने तळापर्यंत सोडी, आणि ज्योत उभी दिसली तरच शिडीवर पाय ठेवी.

एका सकाळी भगवानरावांची मांजर सापडली. उंदरामागे गेली असावी. ड्रमाच्या बुडाशी पडली होती, अंगावर ओरखडा नाही, झोपल्यासारखी. रुखमाबाई हळहळली, कोणी औषध घातलं असेल म्हणाली. प्रसेनजितने ती पोत्यात गुंडाळून बांधाला पुरली. त्या दिवशी जेवताना त्याने सर्वांना बजावलं, की दिवा दाखवल्याशिवाय पेवात कोणी उतरायचं नाही. आवाज जरा चढलाच.

धम्मदीपने घास थांबवला. "दादा, तू कधीपासून पेवाले ओवाळायले लागला?"

"जे सांगतो ते ऐक."

"मी विहारात काय सांगतो लोकायले? हे सोडा, ते सोडा. आन माह्याच घरात खड्ड्याले दिवा?"

"धम्मा बरोबर बोलून राह्यला," सिंधूताई म्हणाली. तिने प्रसेनजितकडे पाहिलं त्यात राग नव्हता, दुखावल्यासारखं काहीतरी होतं. "तुह्या आज्याले त्यायनं उतरवलं ते उतरवलं. त्यायची रीत तरी उचलू नको."

या घरातली सगळी माणसं शहाणी होती. अंधश्रद्धा टाकून द्यायची, हे ती मनापासून शिकली होती, आणि ते शिकण्यासाठी त्यांच्या मागच्या पिढ्यांनी किंमत मोजली होती. प्रसेनजितने फक्त "दिवा दाखवा" न म्हणता "खालची हवा मारते" एवढे तीन शब्द म्हटले असते, तर धम्मदीपनेच चार गावांत त्याची भाषणं केली असती. पण त्याच्या तोंडून आले ते भगवानरावांचे शब्द. आणि त्या शब्दांना कुंकू लागलेलं होतं.

शेवटच्या तोडणीच्या दिवशी प्रसेनजित उतारावर होता, बायांबरोबर क्रेट भरत. ऊन डोक्यावर आलं होतं. तिकडे मळ्यात वीज गेली. पंखा थांबला, आणि तो थांबल्याचं कोणाच्या लक्षात आलं नाही; सततचा आवाज बंद झाला की कानाला बरंच वाटतं. धम्मदीप त्या दिवशी कॉलेजला गेला नव्हता. दादाचे हात दुखतात, आज सालं मी दाबतो, म्हणून तो दांडा घेऊन निघाला. मायेनेच निघाला.

मंजुश्री पेवापाशी गाळायची फडकी वाळत घालत होती. तिने हटकलं, "भाऊजी, मेणबत्ती."

धम्मदीपने खिशातून मोबाइल काढला, त्याचा टॉर्च लावला, आणि पेवाच्या तोंडावर तीनदा गोल ओवाळला, रुखमाबाईची नक्कल करत. "हे घ्या वहिनी. दाखवला दिवा. इझला का?"

नाही विझला. तो कशाला विझतो? त्या दिव्याला हवा लागत नाही. पांढराशुभ्र उजेड थेट तळापर्यंत गेला, ड्रमांच्या कडा चमकल्या, सगळं लख्ख दिसलं. मंजुश्री हसली. तो शिडीने उतरला. तळाशी पोचल्यावर एकदा खोकला. मग दांडा पडल्याचा आवाज आला.

मंजुश्री वाकली. मोबाइल जमिनीवर पडला होता आणि त्याचा उजेड धम्मदीपच्या चेहऱ्यावर होता. डोळे उघडे होते.

तिची हाक उतारावर पोचली तेव्हा प्रसेनजितला शब्द कळले नाहीत, पण हाक कळली. तो क्रेट टाकून धावला. धावताना त्याला एकच दिसत होतं: नाशिकच्या टाकीच्या काठावरचे दोन हात, उडी टाकायच्या आधीचे. पेवापाशी पोचला तो सिंधूताई शिडीच्या दुसऱ्या पायरीवर होती. भगवानराव धोतर खोचत होते. प्रसेनजितने आईला दोन्ही काखांत धरून वर उपसलं, तण उपटावं तसं. ती त्याला चावली. मनगटावर दात उमटले.

"कोणी उतरायचं नाही," तो म्हणाला.

"तो खाली पडला आहे रे!"

"कोणी नाही. भगवानआबा, मायले धरा. मंजू, तू शिडीजवळ येशील तर तंगडी मोडीन."

शेडमध्ये बागेत औषध फवारायचा ब्लोअर ट्रॅक्टरला जोडलेला होता, मागे मोठा पंखा असलेला. तो इंजिनावर चालतो, विजेची वाट पाहत नाही. प्रसेनजितने ट्रॅक्टर उलटा लावत पेवाच्या तोंडाशी आणला. ताडपत्री ओढून पंख्यापासून पेवाच्या तोंडापर्यंत तिचं नाकाडं केलं, कडांवर दगड टाकले. गडी धावून आले. पंखा सुरू झाला तसा वारा पेवात घुसला आणि आतून आंबूस वास उसळून सगळ्यांच्या तोंडावर आला. डोकी गरगरली.

त्याने मेणबत्ती बादलीत ठेवून ताडपत्रीच्या आडोशाने सोडली. पुरुषभरही गेली नाही, विझली. वर ओढली. पुन्हा वारा. पुन्हा सोडली. विझली.

आता सिंधूताईचा आवाज ओरडण्याच्या पलीकडे गेला होता. ती हळू, समजावून सांगितल्यासारखी बोलू लागली, आणि तेच ऐकवेना. "प्रसेन, उजेड आहे ना रे खाली. पाह्य ना. दिसून राह्यला तो. त्याचा हात दिसते. उजेड आहे तं काऊन उतरत नाही तू? भेव कायचं?"

खरंच दिसत होता. मोबाइलचा उजेड तसाच जळत होता, निर्दयपणे, स्थिर. शिडी समोर होती. एवढ्या पायऱ्या एका दमात उतरता येतील, दम धरून खांद्यावर घेता येईल, असं प्रत्येक पायरी त्याला सांगत होती. प्रसेनजितने डोळे मिटले, कारण उघडे राहिले असते तर तो उतरला असता. मिटल्या डोळ्यांनी त्याने दोरी चाचपली आणि मेणबत्ती पुन्हा पेटवली.

ज्योत खाली गेली. वाकडी झाली. निळी पडली, आक्रसली, आणि उभी राहिली. तळाशी बादली टेकल्याचा आवाज आला आणि ज्योत उभीच.

त्याने कंबरेला दोरी बांधली, तिचं टोक भगवानरावांच्या आणि गड्यांच्या हातात दिलं, आणि उतरला.

धम्मदीपला वर काढलं तेव्हा ओठ जांभळे होते, पण छातीत एक बारीकशी खरखर होती. भगवानरावांच्या गाडीत घालून जालन्याला नेलं. वाटभर मंजुश्री त्याच्या तोंडात फुंकर घालत होती. सिंधूताई मागच्या सीटवर मोठ्या लेकाच्या शेजारी बसली होती आणि खिडकीबाहेर बघत होती.

धम्मदीप वाचला. डॉक्टरांनी सांगितलं, कोणी दुसरा उतरला असता तर दोघे गेले असते. आणि थोडा अजून उशीर झाला असता तर हाही. पण मेंदूला काही काळ हवा मिळाली नव्हती. तो चालतो, जेवतो, माणसं ओळखतो. फक्त शब्द उशिरा येतात. पाणी हवं असतं, पेला दिसत असतो, आणि "पाणी" हा शब्द कुठेतरी खोल गेलेला असतो. डॉक्टरांनी बजावलं, त्याच्या वतीने तुम्ही शब्द बोलू नका. थांबा. त्याचा त्याला वर काढू द्या. पण सिंधूताईला ते कधी जमलं नाही. त्याने तोंड उघडलं की ती घाईने म्हणे, पाणी? भाकर? चप्पल? आणि तो मान हलवून गप्प बसे.

गावाने गावाचं काम केलं. पारावर कोणी म्हणालं, प्रसेन्यानं अक्कल वापरली. कोणी म्हणालं, सख्खा भाऊ खाली आन हा वरतून पंखा लावत बसला, थंड रक्ताचा माणूस. टपरीवर त्याला आता कोणी चिडवत नसे, आणि ते चिडवण्यापेक्षा जड होतं.

भगवानरावांनी पेव बुजवायचं ठरवलं. त्याआधी ड्रम वर काढले, तर कोणाची वाट न पाहता वाईन आपली आपण तयार झाली होती. प्रसेनजितने सवयीने घोट घेतला. काळीभोर, तुरट, तळाशी मिरीची आणि धुराची चाहूल. जीभ धरून ठेवणारी. नाशिकला एवढ्या वर्षांत अशी उतरली नव्हती. हीच ती लखनसाहेबाने सांगितलेल्या डोंगराची चव, हा मुरूम तिच्या लायकीचा होता. त्याने थुंकली, आणि नंतर बराच वेळ तो बांधाला टेकून बसला. फ्रान्सला फोन लावून त्याने म्हाताऱ्याला सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने वाईन कशी झाली ते विचारलं नाही. धाकट्याचं वय विचारलं, आणि फोनवर नुसता श्वास घेत राहिला.

घरात सिंधूताई प्रसेनजितला वाढायची, त्याचे कपडे घडी करून ठेवायची, पण नजर वर करत नसे. पौर्णिमेला पाचवं शील आलं तरी मान वळत नसे. त्याने ती मान वळावी म्हणून किती वाट पाहिली असेल, ते त्यालाच ठाऊक.

ऑक्टोबरच्या छाटणीला तो उतारावर एकटा कात्री चालवत असताना ती चढून वर आली. दम लागला होता. वेलीखालच्या दगडावर बसली.

"तू थांबला," ती म्हणाली.

कात्री थांबली. "थांबलो म्हणून तो आहे, माय."

"हे समजते मले. डॉक्टरनं सांगतलं, भगवानरावनं सांगतलं. गावात कोणी वंगाळ बोललं तं मी त्याच्या अंगावर जातो." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्या दिव्याचंबी समजलं. माह्या बापाचा कंदील कायले होता ते. तू आधी काऊन नाही सांगतलं, ते मी इचारत नाही."

त्याने कात्री खाली ठेवली.

"तुह्या जागी मी असती तं थांबली नसती. धम्मा गेला असता आन मीबी. माह्या मायेनं तो मेला असता, प्रसेन. तू दिसला की मले तेच दिसते. म्हणून पाहवत नाही तुह्याकडं. तुह्यावर राग नाही."

तिने हे सांगितलं तेव्हाही ती जमिनीकडेच बघत होती. प्रसेनजित तिच्या शेजारी मुरमात बसला.

खालून धम्मदीप येताना दिसला, डोक्याला रुमाल बांधलेला, चढ हळूहळू चढत. दोघांना एकत्र बसलेलं पाहून तो मध्येच उभा राहिला. त्याने हात वर केला, तोंड उघडलं. शब्द आला नाही. त्याच्या गळ्याची शीर ताठ झाली. एके काळी त्या गळ्यासाठी मंडळी पुढे सरकायची.

सिंधूताईचे ओठ हलले. जेवण म्हणायचं असेल, वहिनीने बोलावलं म्हणायचं असेल, ऊन म्हणायचं असेल. दहा शब्द तिच्या जिभेवर येऊन उभे राहिले. प्रसेनजितने तिच्याकडे पाहिलं. तिने मोठ्या लेकाच्या मनगटावर हात ठेवला आणि दाबला, इतका की बोटं पांढरी पडली.

खाली धम्मदीप उभाच होता, तोंड उघडं, हात वर. वर दोघं बसून राहिली. ती एक शब्द बोलली नाही.